आईची माया आणि आईची भीती

वैशाख लागला की नागपूरचे रस्ते भर दुपारी ओस पडतात. पारा ४५ अंशांना टेकतो. ज्यांना बाहेर पडल्यावाचून गत्यंतर नसते ते डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळूनच उंबरा ओलांडतात. आणि जुन्या वळणाच्या घरांतून आजही निघणाऱ्याच्या पिशवीत एक कांदा टाकला जातो. कांदा जवळ असला म्हणजे ऊन बाधत नाही, ही समजूत शास्त्राच्या कसोटीस उतरणार नाही, हे तो टाकणारीलाही बहुधा ठाऊक असते. तरी ती तो टाकते. त्या कांद्यात औषध नसले तरी काळजी असते, आणि घरची काळजी बरोबर घेऊन निघालेल्या माणसाला ऊन थोडे सौम्य भासते, हे कोण नाकारील?

अशाच एखाद्या घराचे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. घर धरमपेठेतले, सुस्थितीतले. मुलगी अडतीस वर्षांची, पदवीधर, चांगल्या हुद्द्यावर असलेली. कचेरीत तिच्या सहीवाचून कागद पुढे सरकत नाही. सकाळी ती निघते तेव्हा आई दारापर्यंत येते. “दुपट्टा नीट बांध. मेट्रोत बसलीस की फोन कर. उतरलीस की पुन्हा कर. आणि पाणी बाहेरचे पिऊ नकोस, बाळ.” मुलगी मान हलवते. त्याच दिवशी दुपारी मैत्रिणी चिखलदऱ्यास दोन दिवस जाण्याचा बेत करतात आणि तिला विचारतात. ती क्षणभर गप्प राहते. घाटातली वळणे, रात्रीचा मुक्काम, परका चालक, हे सारे तिच्या मनापुढून सरकते, आणि ती हसून म्हणते, “मला नाही गं जमायचे.” संध्याकाळी घरी आल्यावर ती या बेताचा उल्लेखही करीत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या दिवशी आईने मुलीला काहीही नाकारले नव्हते. तिला कोणी विचारलेच नव्हते. नकार आला तो मुलीच्या तोंडून, मुलीच्याच आवाजात. आईची आज्ञा जोवर आईच्या तोंडून येते तोवर तिच्याशी वाद घालता येतो, रुसता येते, प्रसंगी ती मोडताही येते. परंतु तीच आज्ञा जेव्हा मुलीच्या मनात मुक्कामास येऊन तिचेच मत बनते, तेव्हा वाद घालायचा तो कोणाशी? अतिजपणुकीचा खरा परिणाम हाच. माया मुलीला मिळतेच, पण मायेबरोबर आईची भीतीही वारशाने मिळते, आणि ही दोन दाने एकाच हाताने दिलेली असल्यामुळे ती निराळी आहेत हे घेणारीला पुष्कळदा आयुष्यभर कळत नाही.

कायद्याचे गणित येथे फार सोपे आहे. १८७५ च्या सज्ञानता कायद्यापासून या देशात अठराव्या वर्षी माणूस सज्ञान समजला जातो. २०१८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. आईने मुलीचा ताबा मागितला होता. मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली होती, आणि परदेशी वडिलांजवळ राहून पुढे शिकण्याची इच्छा तिने न्यायालयास स्वतः सांगितली होती. न्यायालयाने आईच्या भावनेची कदर केली, परंतु आईच्या भावनेसाठी वा वडिलांच्या अहंकारासाठी न्यायालयाने सज्ञान मुलीचे महापालक होणे योग्य नाही, असा निर्वाळा दिला. निवड मुलीची, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले. पण न्यायालयाची दारे क्वचितच कोणी ठोठावते. बहुसंख्य घरांत ताबा मागावाच लागत नाही, कारण तो कधी सुटलेलाच नसतो. दप्तरी अठरावे वर्ष उलटते. स्वयंपाकघरात ते अडतिसाव्या वर्षीही उलटलेले नसते.

अशा आईला दोष देणे सोपे आहे, म्हणूनच ते टाळावे. तिची भीती आकाशातून पडलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी या देशात जन्मलेल्या दर हजार अर्भकांपैकी दोनशेच्या आसपास, आणि वाईट वर्षी त्याहूनही अधिक, पहिला वाढदिवस पाहत नसत. प्लेगच्या वर्षांत लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत जे प्रांत सर्वाधिक होरपळले त्यांत मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांची गणना होते. ज्या घरात चार पाळणे हलले आणि दोनच मुले हाती लागली, त्या घरातील आईने उरलेल्यांना पदराखाली घट्ट धरले तर त्यात नवल काय? तिच्या हाताखाली वाढलेली मुलगी पुढे आई झाली; तिने आपल्या मुलीला तसेच धरले; आणि तिच्या मुलीने तिच्या मुलीला. २०२० च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात हा अर्भकमृत्यूचा आकडा हजारी सोळावर आला आहे. भीतीचे ते कारण पुष्कळ अंशी दूर झाले. भीतीची सवय मात्र आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे पितळेच्या भांड्यांप्रमाणे येतच राहिली.

दुसरे कारण अधिक बोचरे आहे. मुलीच्या बाबतीत काही विपरीत घडले की जाब कोणाला विचारला जातो? “आईचे लक्ष नव्हते,” हे वाक्य आपल्या समाजात तयारच असते. बाप दूर बसून वर्तमानपत्र वाचू शकतो. “जाऊ दे तिला, तू उगाच काळजी करतेस,” असे उदारपणे म्हणूही शकतो. कारण जाऊ दिल्याचा हिशेब त्याला द्यावा लागणार नसतो. सासर, माहेर, शेजार या तिन्ही न्यायासनांपुढे उभी राहायची ती आई. ज्याच्यावर जबाबदारी सारी आणि ज्याच्या हाती सत्ता थोडी, तो माणूस जपून वागतो; आणि ज्या एका ठिकाणी त्याची सत्ता चालते तेथे ती जरा जास्तच चालवतो. पुष्कळ घरांत आईची सत्ता चालण्याचे ते एकमेव ठिकाण म्हणजे तिची मुलगी.

शिवाय रस्त्यावरचा धोका काही कल्पित नव्हे. रात्री उशिरा एकटीने परतणाऱ्या मुलीची वाट पाहताना आईचा जीव टांगणीला लागतो, त्यामागे रोजच्या वर्तमानपत्रातील बातम्या असतात. पण धोका आणि बंधन यांचे प्रमाण जुळते का, हा प्रश्न उरतोच. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांना विचारले गेले की, बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर एकटीने जाण्याची तुम्हांला मुभा आहे काय? तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा असलेल्या स्त्रिया सबंध देशात शेकडा बेचाळीसच निघाल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक सज्ञान स्त्रियांना या तिहींपैकी कोठे ना कोठे जाण्यासाठी सोबत लागते अथवा परवानगी. दवाखान्याच्या वाटेवर भर दिवसा एवढा धोका खरोखरच असतो काय? की धोका टळला तरी बंधन टाळायचे नाही, हीच रीत होऊन बसली आहे?

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत डेव्हिड लेव्ही या अमेरिकन मानसचिकित्सकाचे नाव प्रथम घ्यावे लागते. मातेच्या अतिजपणुकीवरील त्याचा ग्रंथ १९४३ साली प्रसिद्ध झाला. निवडक वीस कुटुंबांचा त्याने बारकाईने विचार केला आणि या वृत्तीची काही लक्षणे नोंदली. आई मुलाला क्षणभरही दृष्टीआड होऊ देत नाही. जे वय उलटून गेले त्या वयाची सेवा ती त्याला पुरवीत राहते. त्याला आपल्या बळावर काही करू देत नाही. आणि तिचा वचक एक तर अतोनात असतो किंवा मुळीच नसतो. वचक नसला तर मूल घरावर राज्य करते. वचक अतोनात असला तर ते आज्ञाधारक, भिडस्त आणि परावलंबी होते. आपल्याकडे मुलाच्या वाट्याला बहुधा पहिला प्रकार येतो आणि मुलीच्या वाट्याला दुसरा, हे सांगण्यास परदेशी पंडिताची गरज नाही. फार दिवस वाट पाहून झालेले अपत्य, आधी दगावलेली मुले, मोठे दुखणे, ही कारणेही लेव्हीला पुष्कळ ठिकाणी आढळली. आपल्या आज्यांची कहाणी याहून फार निराळी नव्हती.

पुढे १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील गॉर्डन पार्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. वाढत्या वयात, म्हणजे सोळाव्या वर्षापर्यंत, आईवडील कसे वागले, याविषयी पंचवीस विधाने प्रौढ माणसापुढे ठेवायची आणि त्याच्या आठवणीतून उत्तरे घ्यायची. या प्रश्नावलीतील सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे तिची मांडणी. तिच्यात माया मोजण्याची पट्टी निराळी आहे आणि अतिजपणुकीची निराळी. माया अधिक म्हणून बंधन अधिक, असे समीकरण तीत नाही. एखादे घर भरपूर माया देऊन मोकळे सोडू शकते. एखादे माया न देताच जखडून ठेवते, आणि या शेवटच्या प्रकारात वाढलेल्या माणसांत पुढे उदासीनता व चिंता यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्या दिशेने झालेल्या अनेक अभ्यासांत दिसून आले. अर्थात यावरून आईच साऱ्या दुःखाचे मूळ, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. जे मूल उपजतच भित्रे किंवा अशक्त, त्याला आई अधिक जपणारच; कारण कोणते आणि कार्य कोणते हे दर वेळी वेगळे काढता येत नाही. परंतु माया आणि बंधन या दोन वस्तू आहेत, एवढे जरी एखाद्या घराला उमगले तरी अर्धी वाट सरली. कारण “बंधन सैल केले तर माझे प्रेम कमी झाले असे होईल,” ही धास्ती आईच्या मनात असते. आणि “बंधन झुगारले तर मी आईचे प्रेम झुगारले असे होईल,” ही धास्ती मुलीच्या मनात.

अशा घरात वाढलेली मुलगी प्रौढ वयात कशी दिसते? ती भित्री दिसेलच असे नाही. कचेरीतले अवघड काम ती लीलया करते, कारण तेथे नियम असतात, वरिष्ठ असतात, कामाची चौकट असते. तिची गडबड होते ती चौकट संपते तेथे. दोन साड्यांतून एक निवडताना ती दुकानातून घरी फोन करते. बँकेत पैसे कोठे ठेवावे हे ती दुसऱ्याला उत्तम सांगते, स्वतःचे मात्र भाऊ पाहतो. कोणी रागाने बोलले तर चूक आपलीच असणार, असे तिला आधी वाटते. एखादी क्षुल्लक गोष्ट मनाप्रमाणे करायची झाली तर ती ती लपवून करते. मैत्रिणीकडे चहाला थांबली तरी “काम होते” असे सांगते. पस्तिशीतल्या बाईने चहाच्या पेल्यासाठी खोटे बोलावे, यातली केविलवाणी विसंगती तिला जाणवत नाही असे नाही. ती जाणवते, आणि म्हणूनच तिला स्वतःचा राग येतो. आईचा राग करण्याची मुभा तिने स्वतःला कधी दिलेली नसते.

या मुलीचे लग्न झाले म्हणजे प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटते. पण ज्या हाताला दुसऱ्याच्या बोटाची सवय आहे तो हात नवे बोट शोधतो. आईला विचारून सांगते, याच्या जागी यांना विचारून सांगते, एवढाच बदल होतो. आणि लग्न न झाले तर? स्थळे येतात, प्रत्येकात आईला काहीतरी उणे दिसते, मुलीलाही मग तेच दिसू लागते, आणि वर्षे निघून जातात. शिकलेल्या, मिळवत्या, तरीही आईबापांच्या संसारात अडकून पडलेल्या मुलींचे दुःख मराठी वाचकांपुढे प्रथम परखडपणे मांडले ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी, १९३३ सालच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहात. त्या पुस्तकाने त्या काळी मोठा गदारोळ उठला. मुलगी शिकली, मिळवू लागली, की ती स्वतंत्र झाली, या भोळ्या समजुतीला त्याने धक्का दिला होता. तो धक्का आजही शिळा झालेला नाही.

नागपूरपुरते बोलायचे तर येथे मुलींच्या शिक्षणाची साधने पुष्कळ आधी आली. विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. मुलींचे स्वतंत्र महाविद्यालय, जे आज लेडी अमृताबाई डागा यांच्या नावाने ओळखले जाते, त्याचा उगमही १९३२ सालचा. सायकलवरून महाविद्यालयात जाणाऱ्या मुली या शहराने फार पूर्वीपासून पाहिल्या आहेत. तरीही पदवी हाती असणे आणि निर्णय हाती असणे, या दोन गोष्टी येथे वर्षानुवर्षे एकाच घरात परस्परांस न ओळखता राहत आल्या. किंबहुना पदवी हे पुष्कळदा जपणुकीचेच एक साधन झाले. मुलगी महाविद्यालयात असली म्हणजे कोठे असते ते ठाऊक असते, एवढ्यावर आईचे समाधान.

याच शहराच्या इतिहासात दुसऱ्या प्रकारची उदाहरणेही आहेत, आणि ती या विषयावर निराळाच प्रकाश पाडतात. जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ सालचा, नागपूर जिल्ह्यातील उमरेडचा. दलित समाजातील या बाईंनी पोटासाठी कामठी-नागपूर वाटेवर हमालीची ओझी वाहिली; एका मिशनरी भगिनीच्या साहाय्याने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या; अस्पृश्य म्हणून नोकरी गमावण्याचा प्रसंग सोसला; आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. उन्हापासून त्यांना कोणी जपले नाही. ही काही हेवा करण्याजोगी स्थिती नव्हे. कोणत्याही मुलीच्या डोक्यावर ओझे असू नये. परंतु यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की मुलीला घरात जपून ठेवता येणे ही सुखवस्तू घराची चैन आहे. मजुरी करणाऱ्या आईला ती परवडत नाही. तिची मुलगी दहाव्या वर्षी धाकट्या भावंडांना सांभाळते, बाजार करते, पैशाचा हिशेब ठेवते. एका मुलीवर वयाआधी भार पडतो. दुसरीवर वय झाले तरी पडत नाही. अन्याय दोहींकडे आहे, पण दुसरा अन्याय गोड असल्यामुळे दिसत नाही.

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आणि हजारो स्त्रिया गोळा झाल्या होत्या. त्या स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे सांगितले त्याचा आशय असा, की मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजवा, आपण कमी आहोत ही भावना त्यांच्या मनातून काढून टाका, आणि त्यांची लग्ने करण्याची घाई करू नका. आईकडून त्यांनी पहारा मागितला नाही. आईने मुलाच्या मनातली भीती काढावी, ही अपेक्षा त्यांनी ठेवली. ज्या समाजाला भीती बाळगण्याची सर्वांत सबळ कारणे होती, त्या समाजातील मातांकडून ही अपेक्षा केली गेली, हे विसरण्याजोगे नाही. ज्यांना त्या मानाने फारच थोडे गमवायचे आहे, त्या सुस्थितीतील घरांनी आपल्या मुलींना कोणता वारसा द्यावा, हा प्रश्न म्हणूनच अधिक टोचतो.

मग करावे काय? उत्तर फार जुने आणि फार साधे आहे. विवाहानंतर काही काळ अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे जे कार्य केले, आणि १९२६ मध्ये जी नूतन बालशिक्षण संघाची चळवळ उभी राहिली, तिचा पाया मॉन्टेसरीबाईंच्या एका साध्या तत्त्वावर होता. जे मूल स्वतः करू शकते ते दुसऱ्याने त्याच्यासाठी करू नये. तीन वर्षांचे मूल बुटाची नाडी बांधायला दहा मिनिटे लावते. आईने बांधली तर अर्धे मिनिट. त्या साडेनऊ मिनिटांच्या घाईत मुलाचे काय हरवते, हे बालशाळेतील शिक्षिकेला कळते. हेच तत्त्व तेरा वर्षांच्या मुलीला, तेवीस वर्षांच्या मुलीला आणि तिशी उलटलेल्या मुलीलाही तितकेच लागू आहे. नाडीच्या जागी आगगाडीचे तिकीट, घरभाड्याचा करार किंवा नकार दिलेले स्थळ एवढाच फरक. निर्णय हा गुण नसून हातचा सराव आहे. पोळी लाटण्यासारखाच तो येतो, आणि पहिल्या दहा पोळ्या वेड्यावाकड्याच होतात. आई पोळीच्या बाबतीत हे सहज मान्य करते. निर्णयाच्या बाबतीत मात्र पहिलीच पोळी गोल यावी असा तिचा आग्रह असतो.

ज्या मुली आता लहान नाहीत, त्यांनी काय करावे? घर सोडून जाणे हा एक उपाय सांगितला जातो, आणि काहींना तो लागूही पडेल. परंतु आईच्या मनातली भीती ज्यांनी मनातच बरोबर नेली आहे, त्यांना पुण्यास गेल्यानेही ती सोडत नाही. त्याहून हळू चालणारा एक उपाय आहे. परवानगी मागणे आणि माहिती देणे, यांतला भेद बोलण्यात आणावा. “मी जाऊ का?” याऐवजी “मी शनिवारी जाते आहे, रविवारी रात्री येईन,” असे म्हणून पाहावे. पहिल्या वेळी घरात अबोला होईल, दुसऱ्या वेळी डोकेदुखी. आईची ती डोकेदुखी खोटी नसते, तिलाही सराव नसतो. पण मुलगी शब्द दिल्याप्रमाणे रविवारी रात्री परत आली, हे आईने चार वेळा पाहिले की तिच्या भीतीला प्रथमच काही पुरावा मिळतो. भीती तर्काने जात नाही. ती अनुभवाने जाते. आईलाही तो अनुभव मिळू दिला पाहिजे, आणि तो मुलीवाचून दुसरे कोणी देऊ शकत नाही.

वडिलांनी आणि भावांनीही आपला वाटा उचलावा. “तुझ्या आईला पटवून दे,” असे म्हणून बाजूला होणारा बाप उदार नसतो, तो फक्त सुरक्षित असतो. “ती गेली तर जबाबदारी माझीही,” असे त्याने एकदा मोठ्याने म्हटले तर आईच्या खांद्यावरचा निम्मा पहारा उतरेल. आणि पहारा उतरलेल्या आईला कदाचित प्रथमच जाणवेल, की मुलीशी बोलायला सूचनांखेरीज दुसरे विषयही असतात.

शेवटी पुन्हा धरमपेठेतल्या त्या घराकडे वळावे. वर्षे लोटली आहेत. आई पंचाहत्तरीला आली आहे. एके पहाटे न्हाणीघरात तिचा पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. रुग्णालयात डॉक्टर येतात आणि मुलीला सांगतात, शस्त्रक्रिया करावी लागेल, वयामुळे धोका आहे, न केल्यास अंथरूण सुटणार नाही, तासाभरात काय ते ठरवा. भाऊ परगावी, त्याचा फोन लागत नाही. संमतीचा कागद पुढे येतो. मुलगी सवयीने आईकडे पाहते, गेली पन्नास वर्षे प्रत्येक निर्णयाआधी पाहिले तसे. वेदनेने आणि औषधाने ग्लानीत गेलेली आई डोळे उघडते आणि मुलीकडे पाहते. उत्तर आता तिलाच हवे असते, आणि ते मुलीकडून हवे असते.

जिने आयुष्यभर मुलीला प्रत्येक झळीपासून जपले, तिच्या जिवाचा निर्णय अखेरीस त्या मुलीच्याच हाती येतो. अशा घटकेला सही करणारा हात थरथरला तरी चालेल. पण तो सही करू शकला पाहिजे. तो सराव रुग्णालयाच्या बाकावर तासाभरात होत नाही. तो फार आधी, चिखलदऱ्याच्या दोन दिवसांच्या सहलीपासून सुरू व्हावा लागतो. त्या सहलीला निघालेल्या मुलीच्या पिशवीत आईने खुशाल कांदा टाकावा. फक्त ती निघाली म्हणजे दार उघडे ठेवावे, आणि वाटेवर उभे राहू नये.